फ्रिजची नऊ तासांची रेघ

एका दवाखान्यातल्या फ्रिजचा नऊ तासांचा आलेख माझ्या कपाटात एका फायलीत आहे. एकच कागद. डावीकडून उजवीकडे गेलेली सरळ रेघ, खाली सकाळी आठ ते संध्याकाळी पाच अशा वेळा, आणि रेघेच्या टोकाला ४.६ हा आकडा. कोणी पाहिला तर म्हणेल, फ्रिज उत्तम चालला होता. ती रेघ मी काढली होती. म्हणजे हाताने नाही, मी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या चार ओळींनी काढली होती. पण त्याने फार फरक पडत नाही.

माझी नोकरी तेव्हा खराडीत होती. मी येरवड्याची. घरापासून खराडी रिक्षाने वीस मिनिटांवर, पण माझ्या लहानपणी आमच्या लेखी ते गाव होतं आणि तिकडे जायचं काही कारण नसायचं. मी इंजिनिअर होऊन कामाला लागेपर्यंत तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि ज्यांची शेतं त्यात गेली त्यांच्याच गाड्या आम्हाला घरून आणायला यायच्या. आमची कंपनी अशाच एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतलेल्या जागेच्या एका कोपऱ्यात होती. अकरा माणसं, दोन पांढरे फळे आणि एक कॉफीचं मशीन. मशीन बिघडलं की त्या दिवशी काम होत नसे. मालकाला आम्ही नावाने हाक मारायचो आणि अरे-तुरे करायचो, कारण तिथे तशी पद्धत होती. पगाराची तारीख पुढे गेली तरी अरे-तुरेच.

आम्ही सेन्सरचं काम करायचो. डबीएवढा सेन्सर कुठेतरी बसवायचा, तो दर दहा मिनिटांनी तापमान मोजणार आणि जवळ ठेवलेल्या मोबाइलला कळवणार, मोबाइलमधलं आमचं अ‍ॅप तो आकडा इंटरनेटवरून आमच्याकडे पाठवणार, आणि मग तो ज्याला हवा त्याच्या मोबाइलवर आलेख होऊन दिसणार. एवढंच. सेन्सर बोलतो, मोबाइल ऐकतो आणि पुढे सांगतो. मधलं ऐकण्याचं आणि पुढे सांगण्याचं काम माझ्याकडे होतं.

पुण्यातल्या एका ट्रस्टचा एक दवाखाना सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्याही पुढे एका वाडीत होता. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी सगळं एक सिस्टर बघायच्या. दर पंधरवड्याला एकदा दुपारी लहान मुलांना लस टोचायची आणि मधल्या काळात ती लस फ्रिजमध्ये सांभाळायची, हे त्यांचं मुख्य काम. लशीचा फ्रिज दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहावा लागतो. त्याच्यावर गेला की लस दिसायला तशीच राहते, पण तिच्यात दम राहत नाही. ती टोचली तर मूल रडतं, आईला वाटतं काम झालं, आणि झालेलं काहीच नसतं. हे मला सिस्टरांनीच पहिल्या भेटीत समजावून सांगितलं.

त्या पन्नाशी ओलांडलेल्या, लोणीतच राहणाऱ्या. अंगावर पांढरी साडी, पदर खोचलेला, चष्म्याला काळी दोरी. फ्रिजच्या शेजारी खिळ्याला एक जाड वही टांगलेली होती आणि वहीला दोऱ्याने बॉलपेन बांधलेलं. दिवसातून ठरलेल्या वेळी फ्रिज उघडायचा, आतला थर्मामीटर बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची. अकरा वर्षांच्या वह्या कपाटात एकावर एक रचलेल्या होत्या. मी आमचा सेन्सर फ्रिजमध्ये ठेवला, मोबाइल खिडकीत चार्जरला लावला आणि त्यांना पडद्यावर आकडा दाखवला. त्यांनी फ्रिज उघडून थर्मामीटर बघितला, मग मोबाइल बघितला.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "मग आता वही बंद करायची का मॅडम?"

"हळूहळू बंद होईल," मी म्हणाले.

"मी लिवत जाईन. तुमचं चालू द्या, माझं बी चालू द्या."

मला ते जरा हट्टीपणाचं वाटलं. मी परत येताना गाडीत मालकाला म्हणालेसुद्धा, की त्यांना अजून विश्वास वाटत नाहीये, पण वाटेल.

महिनाभराने ट्रस्टच्या कार्यवाहांना आलेख दाखवायचा होता. कार्यवाह निवृत्त प्राध्यापक, पेठेत राहणारे, कडक इस्त्रीचा सदरा आणि समोरच्याच्या वाक्यातली चूक काढल्याशिवाय उत्तर न देण्याची सवय. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला. वाडीत नेटवर्क जात-येत असे, सेन्सर कधी कधी गप्प बसे, त्यामुळे रेघ जागोजागी तुटलेली होती.

"हे मध्ये मध्ये काय आहे?" त्यांनी विचारलं. "फ्रिज सुट्टीवर जातो का?"

मालक हसला, मी हसले, कार्यवाह हसले नाहीत. "तुटकी रेघ मला आमच्या विश्वस्तांना दाखवता येणार नाही. आपण पूर्ण काम करून आणा, मग बोलू."

परतताना मालक म्हणाला, रेघ तुटता कामा नये. त्याने विचारलं किती वेळ लागेल, मी म्हणाले अर्धा तास. वीस मिनिटांत झालं. नवा आकडा आला नाही तर शेवटचा आलेला आकडाच पुन्हा धरायचा आणि रेघ पुढे न्यायची. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. दहा मिनिटं, फार तर अर्धा तास आकडा येत नाही. तेवढ्यात फ्रिजचं काय होणार? किती वेळापर्यंत शेवटचा आकडा धरायचा, याची मर्यादा घालायला हवी हे मनात आलं होतं. त्याच वेळी कोणीतरी कॉफीला हाक मारली आणि ते राहून गेलं. पुढच्या भेटीत कार्यवाहांनी अखंड रेघ पाहिली आणि "आता कसं" एवढंच म्हणाले. पुण्यात याला कौतुक म्हणतात.

मग तो गुरुवार आला. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते हे सगळ्यांना माहीत असतं. वाडीत त्या दिवशी सकाळी आठला गेली ती संध्याकाळी पाचला आली. फ्रिज वीज नसतानाही तासन्‌तास गार राहणारा होता, त्यासाठीच ट्रस्टने तो घेतला होता. पण त्याच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. दुपारी एक वाजता सिस्टरांनी दार उघडून पाहिलं तेव्हा थर्मामीटर तेरावर होता. लसीकरणाचा दिवस. दोन वाजता शेतावरून, वीटभट्टीवरून बायका पोरं घेऊन आल्या. सिस्टरांनी वहीत तेरा लिहिलं, लशीच्या सगळ्या बाटल्या एका डब्यात घालून त्याला चिकटपट्टी लावली, वर "वापरू नये" असं लिहिलं आणि बायकांना परत पाठवलं.

शुक्रवारी ही गोष्ट पेठेत पोहोचली. कार्यवाहांनी आपल्या मोबाइलवर गुरुवारचा आलेख उघडला. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ४.६.

शनिवारी सकाळी ट्रस्टच्या कार्यालयात आम्हाला बोलावलं. आम्हाला म्हणजे मालकाला आणि मला. सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर ती वही. त्या लोणीहून बसने आल्या होत्या. कार्यवाहांनी त्यांना सरळ विचारलं, की गुरुवारीच आपल्या पुतणीची हळद होती, आपण अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती आणि ती नाकारली गेली होती, हे खरं का?

"खरं हाय," सिस्टर म्हणाल्या. "पर मी पाचपतूर दवाखान्यातच व्हते. हळदीला गेलेच न्हाई."

"ते पाहायला तिथे कोणी नव्हतं."

"दाराचं रबर ढिलं पडलंय सर. दोनदा लिवून कळवलंय मी."

"रबराचा विषय वेगळा आहे. त्यावर आपण स्वतंत्र अर्ज करा." मग ते आमच्याकडे वळले. "हा आकडा आपल्या यंत्राकडूनच आलेला आहे ना?"

मी त्या दिवशी सकाळीच ऑफिसला जाऊन पाहिलं होतं. सेन्सरचा शेवटचा खराखुरा आकडा बुधवारी संध्याकाळचा होता. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. गारठ्यात त्या लवकर संपतात. बुधवार संध्याकाळपासून पुढचे सगळे ४.६ माझ्या चार ओळींनी भरलेले होते. मालकाला मी हे जिन्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, विचारल्याशिवाय काही बोलू नकोस, आधी आपण नीट समजून घेऊ. आता कार्यवाहांनी विचारलं होतं.

"आमच्या सर्व्हरवर हाच आकडा आहे," मी म्हणाले.

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा तपासून पाहिलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांना बहुधा वाटलं असावं की यंत्राने मलाही तेच सांगितलं असेल, आणि आपल्यालाच कदाचित चष्मा बदलायला हवा.

कार्यवाहांनी निर्णय तिथेच दिला. सिस्टरांना खोटी नोंद केल्याबद्दल मेमो. त्यांनी वहीतली नोंद दुरुस्त करून, चूक मान्य असल्याचं लिहून द्यायचं. नाहीतर वर्षअखेरीला नेमणूक पुढे चालू राहणार नाही. आणि डब्यातली लस चांगलीच आहे हे सिद्ध झालेलं असल्यामुळे ती मंगळवारी, परत गेलेल्या सगळ्या मुलांना बोलावून, टोचून टाकायची. मंगळवारी ते स्वतः येऊन बाटल्या मोजून घेणार होते.

जिना उतरताना मालक म्हणाला, बॅटरीचं सोमवारी बघू, पुढचे सहा दवाखाने याच ट्रस्टचे आहेत. मी त्याच्या मागोमाग उतरत राहिले. मी काय करत होते ते मला पक्कं कळत होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्याबद्दल लोकांनी मला चांगलं म्हटलं, आणि त्यांना हा शनिवार माहीत नव्हता.

रविवारी संध्याकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर तो कागद घेऊन बसले होते. कार्यवाहांनी आलेख कागदावर मागवला होता, फक्त गुरुवारचा, फक्त कामाच्या वेळेचा. त्याची एक प्रत माझ्याकडे होती. वडील समोर बसून शेंगा सोलत होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या खात्यात केली. एका लहान धरणावर पाण्याची पातळी, पाऊस आणि पाणी किती उडून गेलं, हे रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि येरवड्याला येऊन मिळेल ते काम केलं. आप्पा आमच्या घरातले पहिले सरकारी नोकर. आमच्या घरी त्यांची नोकरी हा जवळजवळ पूजनीय विषय होता, आणि नोकरी स्वच्छ झाली, एक डाग नाही, असं आई पाहुण्यांना सांगायची. आप्पा तेव्हा उठून आत जायचे. मला वाटायचं, संकोचाने.

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि कागद जवळ ओढला.

"हे कशाचं?"

"फ्रिजचं तापमान. सकाळी आठ ते पाच."

त्यांनी चष्मा लावून रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"फ्रिज मधूनमधून चालू-बंद होतो ना?"

"होतो."

"मग आकडा खालीवर व्हायला हवा. नऊ तासांत एकदासुद्धा हललेला नाही. असा आकडा यंत्राचा नसतो, बाई. घरी बसून भरला की असा येतो. कोणी भरला?"

आमच्या खराडीच्या अकरा माणसांत, पेठेतल्या कार्यालयात, कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता. आप्पांना अर्ध्या मिनिटात पडला. मी त्यांना सगळं सांगितलं. चार ओळी, बॅटरी, सिस्टर, वही, मंगळवार. ते ऐकताना शेंगांची टरफलं एका रेषेत लावत होते.

"जागा कोरी ठेवता येत नाही असं तू का धरलंस?" त्यांनी विचारलं.

"रेघ तुटते."

"तुटू दे की. आम्ही आडवी रेघ मारायचो आणि शेजारी लिहायचो, पाहिले नाही. साहेब चिडायचे, पण त्यावरून कोणी चुकीचं पाणी सोडत नसे."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती आईलासुद्धा माहीत नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, एप्रिलमध्ये, ते एका मित्राच्या लग्नाला गेले. भर उन्हाळा, आभाळ कोरडं ठणठणीत. पावसाच्या रकान्यात त्यांनी आदल्या दिवशीच पुढच्या सकाळचं शून्य लिहून ठेवलं आणि गेले. रात्री वळवाची एक सर येऊन गेली. परत आल्यावर पाहिलं तर पर्जन्यमापकाच्या बाटलीत सहा मिलिमीटर पाणी. धरण रिकामं, पाणी जमिनीने पिऊन टाकलेलं. कोणालाही कळलं नसतं, कोणाचं काही बिघडलंही नसतं. आप्पांनी दोन दिवस वाट पाहिली. मग साहेबांना अर्ज लिहिला की अमुक तारखेचं शून्य मी पाहिलेलं नाही.

"मग?"

"मग काय? मेमो मिळाला. सर्व्हिस बुकात लागला. बढती दोन वर्षं मागे गेली. ऑफिसात जे बोलायचे ते बोलले. आपला माणूस चुकला की चूक त्याच्या एकट्याची राहत नाही, सगळ्यांच्या नावावर मांडतात. तेच फार लागलं होतं."

"मग कशाला लिहिलात अर्ज?"

आप्पांनी टरफलांची रेष बोटाने सरळ केली. "शून्य हा आकडा आहे," ते म्हणाले. "शून्य लिहिणारा म्हणतो, मी गेलो, पाहिलं, पाऊस नव्हता. मी गेलोच नव्हतो." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. मला काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. विचारलंही नाही. मी कधी नव्हे ती त्यांच्यावर चिडले, कारण त्यांनी सांगितलं असतं तर मला वाद घालता आला असता.

सोमवारी सकाळी मी ट्रस्टला पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं. बुधवारी संध्याकाळनंतर सेन्सरने एकही आकडा पाठवलेला नाही, गुरुवारचे सर्व आकडे अ‍ॅपने स्वतः भरलेले आहेत, ते भरणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे, हे मला शनिवारच्या बैठकीआधी माहीत होतं. शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. मालकाला वाचायला दिलं. त्याने वाचून, "हे तू पाठवणारेस की पाठवलंस?" असं विचारलं. मी म्हणाले, पाठवलं. त्याने खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. आमचं अरे-तुरे त्या दिवशी संपलं. त्यानंतर चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली, पण तो मला "तुम्ही" म्हणू लागला होता ते सोमवारपासूनच.

कार्यवाहांकडे मी पत्राची प्रत घेऊन स्वतः गेले. त्यांनी पूर्ण वाचलं. "माहीत होतं" या शब्दांखाली पेन्सिलने एक बारीक रेघ ओढली, चूक सापडल्यासारखी.

"म्हणजे सिस्टर खऱ्या होत्या," ते म्हणाले.

"हो."

"आणि आपण शनिवारी इथे, याच खुर्चीत बसला होतात."

"हो."

"बसण्यापलीकडे काही करायचं सुचलं नाही." हा प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्या समोरच मेमो मागे घेतल्याचं पत्र लिहिलं, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, दिलगिरीसह. ते पत्र मीच घेऊन जाते असं मी म्हणाले. एवढं तरी मला करू द्यावं, असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर वाडीत जाताना मी थोडी खूश होते. हातात दोन पत्रं होती, मंगळवार उजाडायचा होता, डबा अजून उघडलेला नव्हता. वेळेवर पोहोचल्याचा एक आनंद असतो, तो मला होता.

मी पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सिस्टर व्हरांड्यात कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. मी दोन्ही पत्रं त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन आधी कार्यवाहांचं वाचलं, मग माझं. माझं सावकाश वाचलं. घडी घालून दोन्ही पत्रं कमरेला खोचली आणि पुन्हा कापूस हातात घेतला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "उद्या सर बाटल्या मोजायला येणार व्हते."

"आता मोजायचं काही नाही. तो डबा बाद करायचा. नवी लस येईल."

"डबा न्हाई."

मला कळलं नाही. त्यांनी मानेने मागच्या दाराकडे खूण केली. दवाखान्याच्या मागे, वापरलेल्या सुया आणि तसलं सामान टाकण्यासाठी सिमेंटचं कडं बसवलेला खोल खड्डा होता.

"शनिवारी तिकडनं आले, आन् बाटल्या फोडून टाकल्या त्यात. वरनं चुना टाकला, माती लोटली."

"पण उद्या ते मोजणार होते! तुमची नोकरी गेली असती."

"गेली असती."

मी आत जाऊन खिळ्यावरची वही काढली. गुरुवारचं पान. एक वाजताच्या ओळीवर १३ हा आकडा होता, त्यावर एक आडवी रेघ होती, आणि शेजारी त्याच निळ्या बॉलपेनने, त्याच अक्षरात लिहिलं होतं ४.६. खाली सही. अकरा वर्षांच्या वह्यांमध्ये खाडाखोड नाही असं त्यांनी पहिल्या भेटीत मला अभिमानाने दाखवलं होतं.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "वहीत काय लिवायचं ते तुम्ही लोकांनी सांगितलं, ते लिवलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "पोटाला नोकरी लागती मला. पर पोरांच्या दंडात काय टोचायचं ते मी तेरावर बघितलंय. ते कसं टोचणार?"

तेव्हा मला लाज वाटली. शनिवारी वाटायला हवी होती ती सगळी आता आली. ज्या मुलांना आपण वाचवायला आलो असं मला वाटेत वाटत होतं, ती दोन दिवसांपूर्वीच वाचलेली होती. माझ्या पत्राचा त्यांना काहीच उपयोग झाला नव्हता. मी त्या बाईंना खोटा आकडा लिहायला लावलं होतं आणि तो लिहून झाल्यावर त्यांनी जे करायचं ते केलं होतं.

"हे परत दुरुस्त करा," मी वही त्यांच्यापुढे धरली. "तेरा लिहा."

त्यांनी हात पुढे केला नाही. "एका घरात किती येळा खोडायचं? तेरा माझंच हाय, रेघेखाली दिसतंय ते. ४.६ माझं न्हाई. ते तुमचं हाय, तुम्हीच लिवा काय लिवायचं ते."

दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन घेऊन मी उभ्याने लिहायला लागले. दोरा आखूड होता, त्यामुळे मला वहीवर वाकावं लागलं. ४.६ भोवती मी एक गोल केला आणि समासात लिहिलं, "हा आकडा कोणी पाहिलेला नाही." खाली सही केली. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"तारीख टाका," त्या म्हणाल्या.

मी तारीख टाकली. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, फ्रिज उघडला आणि आत वाकून, चष्मा सावरत, चारचा आकडा बघायला लागल्या.